तिसरं कुलूप

दुपारी सव्वाला कुलूपकाका गाडी घेऊन घरी जेवायला येत. फाटक उघडायचं, गाडी मागे घेत घेत बाजूच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबवायची, हातपाय धुवायचे, जेवायचं आणि वीस मिनिटं आडवं व्हायचं. दोनच्या ठोक्याला परत बाहेर. बारा वर्षांत हा नेम दोनदाच मोडला होता. एकदा मुलीच्या लग्नाच्या दिवशी आणि एकदा काका तापाने फणफणले होते तेव्हा.

गाडी म्हणजे बंद टपाची व्हॅन. तेच त्यांचं दुकान. आत एका बाजूला किल्ल्या कापायचं मशीन, दुसऱ्या बाजूला फळीवर घट्ट बसवलेला, वस्तू पकडून धरायचा व्हाइस, आणि वर आकड्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. गाडी वळली की त्या सगळ्या मिळून किणकिणायच्या. त्याआधी बावीस वर्षं काका कचेरीसमोरच्या फुटपाथवर एक पत्र्याची पेटी घेऊन बसत. ऊन, धूळ, आणि येणारा-जाणारा चपलेचं टोक पेटीला लावून म्हणणार, "ए किल्लीवाल्या." गाडी घेतली त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "आता मेलो तरी फुटपाथवर बसणार नाही." गाडी आल्यापासूनच लोक त्यांना काका म्हणायला लागले होते. गाडी गेली तर नुसती गाडी जाणार नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

गल्लीत एका आठवड्यात दोन गाड्या चोरीला गेल्या. आधी शेजारच्या शिवणमावशींच्या जावयाची मोटारसायकल, तो सासुरवाडीला आलेला असताना. मग समोरच्या दातांच्या डॉक्टरांची नवी कोरी मोटार, तीही दवाखान्याच्या दारातून, भर दुपारी, डॉक्टर आत कुणाची तरी दाढ उपटत असताना. मग वरातीमागून घोडं निघावं तशी रविवारी सकाळी दवाखान्यात गल्लीची सभा भरली. तज्ज्ञ म्हणून काकांना बोलावलं. काका आधीच तापलेले होते.

"तुम्हाला राग कसा येत नाही?" त्यांनी सुरुवातच अशी केली. "दाराला कुलूप लावता, कपाटाला लावता, पिठाच्या डब्याला लावता. आणि एवढी मोठी गाडी रस्त्यावर अशी सोडता जशी काही चोराने धुऊन-पुसून परत आणून द्यायची आहे! चोर हुशार नसतो हो. आपण आळशी असतो."

डॉक्टर कानकोंडे झाले. शिवणमावशींनी विचारलं, "पण चोर ओळखायचा कसा, ते सांगा ना."

"पंधरा मिनिटं," काका म्हणाले. "ज्याची गाडी असते तो किल्ली लावतो आणि बसतो. जो पंधरा मिनिटं गाडीशी झटापट करतो, तो मालक नव्हे. आणि तो घाबरलेला असेल असं समजू नका. घाबरतो तो भुरटा. मुरलेला चोर चिडतो. 'माझीच गाडी आहे, तुम्ही कोण विचारणारे?' म्हणून अंगावर येतो. चिडलेल्या माणसाला कागद दाखवा म्हणायची आपल्याला लाज वाटते, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्याच्याशी बोलायचंच नाही. तो मालकाचं नाव सांगेल, घरातल्या गोष्टी सांगेल. ऐकत बसलात की संपलं. सरळ ओरडायचं आणि चार माणसं गोळा करायची."

मावशींनी हे सगळं मापांच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. काकांना ते बघून बरं वाटलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असला काकांचा प्रकार नव्हता. घरी येऊन त्यांनी त्याच दिवशी स्वतःची गाडी बांधून काढली. स्टिअरिंगला आडवा दांडा, पुढच्या चाकाला लोखंडी जबडा, सीटखाली पेट्रोल बंद करणारं लपवलेलं बटण, मागच्या दाराला जाड कडी-कोयंडा आणि त्यात स्वतः बनवलेलं कुलूप. गाडीचे कागद तर ते गाडीतच ठेवत, तळाला बोल्ट मारून बसवलेल्या लोखंडी पेटीत.

"एखादी प्रत तरी घरात ठेवा," बायको म्हणाली.

"घरातलं कपाट कुणीही उघडेल. ही पेटी उघडायला मी स्वतः बसलो तरी पाऊण तास जाईल."

"म्हणूनच म्हणते," बायको म्हणाली आणि आत गेली.

मंगळवारी दुपारी जेवून, पडून, काका बाहेर आले. गाडीचं मागचं दार उघडायला गेले आणि थांबले. त्यांच्या कुलपाच्या चार बोटं वर एक नवा कोयंडा होता आणि त्यात दुसरं कुलूप लटकत होतं.

पितळी, ओंजळीत मावेल एवढं, जड. कोयंडा दाराच्या पत्र्याला चार रिव्हेट मारून बसवलेला. एकही रिव्हेट तिरका नव्हता. काकांनी बोट फिरवून पाहिलं. चार रिव्हेट म्हणजे चार वेळा भोक पाडायला हवं आणि चार वेळा ठोकायला हवं. झोपायची खोली तिथून दहा पावलांवर, खिडकी उघडी, आणि काकांची झोप अशी की मांजर कौलावरून गेलं तरी उठतील.

"अगं, हे तू करून घेतलंस का?"

"मी कशाला? आधीचीच काय कमी आहेत?"

मावशी खिडकीत मशीनवर बसल्या होत्या. त्यांची खिडकी थेट फाटकावर. काकांनी विचारलं, "मघाशी गाडीपाशी कोण होतं?"

"कोणी नाही हो. तुम्हीच नव्हता का काहीतरी ठोकत?"

"मी जेवत होतो."

"मग जेवायच्या आधी असाल." मावशींनी सुईत दोरा ओवला. "वेळेचं काय सांगावं, मी ब्लाउजच्या बाहीत होते."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर काही तरी नेतो. हा देऊन गेला होता! माझ्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडतो, न विचारता, माझ्या अंगणात, मी घरात असताना. त्यांनी खिशातले तारेचे आकडे काढले आणि चार मिनिटांत ते कुलूप उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. एक कोरी किल्लीसुद्धा हललेली नव्हती. यानेच काकांना जास्त राग आला. त्यांनी कुलूप खणात फेकलं आणि कामाला गेले. दिवसभर गिऱ्हाइकांशी नीट बोलले नाहीत.

बुधवारी कुलूप ड्रायव्हरच्या दाराला होतं.

लोखंडी पट्टी दारावरून आडवी घेतलेली, तिच्या टोकाला काळं, चपटं कुलूप. कुठल्याही कंपनीचं नाव नाही. हे उघडायला अकरा मिनिटं लागली. आकडा आत फिरवताना काकांना चमत्कारिक वाटत होतं, कारण कुलपातली प्रत्येक पीन त्यांना वाटे तिथेच अडत होती. आपल्याच जिन्याच्या पायऱ्या अंधारात उतराव्यात तसं. बनवणाऱ्याने फसवायला म्हणून जी तिसरी पीन उलटी बसवली होती, ती काकांनी न शोधता ओळखली आणि ओळखल्यावर त्यांचा हात क्षणभर थांबला.

त्यांनी कुलूप व्हाइसमध्ये धरून फोडलं. पिना हाताने घासलेल्या होत्या. भिंग लावून पाहिल्या. प्रत्येक पिनेची डावी कड किंचित सपाट होती.

काकांच्या उजव्या अंगठ्याचं पेर तरुणपणी लोखंडी दारात सापडून कायमचं ताठ झालं होतं. त्यामुळे कानस चालवताना त्यांचा हात शेवटच्या ओढीला डावीकडे दबतो. काकांनी घासलेली कुठलीही वस्तू हजार वस्तूंत ओळखू येईल. त्यांच्या उस्तादांनी यावरून त्यांची पुष्कळ टिंगल केली होती.

"माझा हात चोरलाय कुणीतरी," काका बायकोला म्हणाले.

"हात?"

"कारागिरी गं! तीस वर्षं घासून घासून जमलेला हात, तो उचललाय. पोलिसात यासाठी कलम तरी असेल का?"

बायकोने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्ही आज दोनदा जेवलात," ती म्हणाली. "एवढी भूक बरी नाही. एकदा तपासून घ्या."

काकांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या डोक्यात उद्याचा बेत शिजत होता.

गुरुवारी ते घरात गेलेच नाहीत. गाडी लावली, ड्रायव्हरच्या जागेवर बसून राहिले आणि बायकोला हाक मारून ताट तिथेच मागवलं. मांडीवर ताट घेऊन जेवले. डोळे तिन्ही आरशांवर. फाटक बंद. मावशींचं मशीन घरघरत होतं. डॉक्टरांकडे दाढदुखीचा एक पेशंट गाल धरून आत गेला आणि दुसरा गाल धरून बाहेर आला. कोणी फिरकलं नाही. काकांना वाटलं, बस्स, एवढंच हवं होतं. समोर बसलं की हिंमत होत नाही लेकाची.

दोनला पाच कमी असताना ते उतरले, दार लावलं, आणि रिकामं ताट दारात ठेवायला गेले. तीन पावलं. वाकून ताट ठेवलं आणि वळले.

गाडीच्या तिन्ही बाजूंनी साखळी गेली होती. बोटभर जाडीचे दुवे, ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीतून, आरशाखालून, बाजूच्या सरकत्या दाराच्या मुठीतून, मागून फिरून परत पुढे. आणि जिथे तिची दोन टोकं भेटत होती तिथे एक कुलूप होतं. तिसरं.

साखळीचा आवाज होतो. एवढ्या साखळीचा तर गल्लीभर होईल. काकांनी ताट खाली टेकवल्याचा आवाज मात्र त्यांना स्वतःला स्वच्छ ऐकू आला होता.

बायको ताट उचलायला आली. तिने ताटाकडे पाहिलं. "हे कुणाचं?"

"माझं. आत्ता जेवलो ना गाडीत!"

"गाडीत कधी? आत पाटावर बसून जेवलात. भात दोनदा मागून घेतलात." तिने साखळीकडे पाहिलं आणि मान डोलावली. "हे बाकी छान केलंत. आता कुणाची टाप नाही."

काका तिसऱ्या कुलपाशी झगडत बसले. आकडे आत जात आणि गुळगुळीत भिंतीला लागल्यासारखे परत येत. या कुलपात काकांना ठाऊक नसलेलं काहीतरी होतं. म्हणजे हात त्यांचाच होता, पण आणखी दहा-वीस वर्षं मुरलेला. ते सोडून त्यांनी चाकाच्या जबड्याला स्वतःची किल्ली लावली. स्वतः घासलेली, चार दिवसांपूर्वीची. ती आत गेली आणि फिरली नाही. मागच्या दाराच्या कुलपाला लावली. फिरली नाही.

मशीन, व्हाइस, कानशी, ड्रिल, कागद, सगळं आत. बाहेर काका आणि खिशातल्या पाच तारा. शुक्रवारी ते बारा वर्षांत तिसऱ्यांदा कामावर गेले नाहीत. पायी पोलीस चौकीत गेले.

"काय चोरीला गेलं?" हवालदाराने विचारलं.

"काही नाही. कुलूप वाढलंय."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "गाडी कुठे आहे?"

"माझ्या दारात."

"कागद?"

"गाडीत."

"मग गाडी उघडून कागद आणा आणि सांगा की गाडी उघडत नाही," हवालदार म्हणाला. शेजारच्या बाकावरचा माणूस हसला. काका जे बोलायचं ते बोलले, आवाज चढवून बोलले आणि तसेच उठून आले. आपलं खरं असताना आपणच ओरडल्यासारखे दिसतो, याचा त्यांना फार संताप येत होता.

तिथून ते थेट दवाखान्यात गेले. मोटार चोरीला गेल्यावर डॉक्टरांनी दारावर कॅमेरा बसवला होता आणि त्यात काकांचं फाटक आणि अंगण दिसत असे. डॉक्टर हातमोजे काढून आले आणि त्यांनी चित्रण लावलं.

"बरं झालं आलात. मी तुम्हाला बोलावणारच होतो," डॉक्टर म्हणाले. "हा बघा. तीन दिवस हाच येतोय. नजर बघा कशी आहे."

पडद्यावर मागच्या दाराशी एक माणूस उकिडवा बसला होता. मधूनच मान वळवून इकडेतिकडे बघत होता. निळा सदरा, मागे विरळ झालेले केस, उजवा अंगठा ताठ.

"अहो, हा मी आहे."

डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. मग काकांकडे. मग हसले. "तुम्ही? काहीतरीच काय. तुमच्या दाढा मी बघितल्यात, चेहरा ओळखणार नाही? हा कोण कुठला उपटसुंभ."

काकांनी स्वतःचा सदरा ओढून दाखवला. डॉक्टरांनी विनोद समजून मान हलवली. काकांनी सदरा सोडला. मग म्हणाले, "ठीक आहे. गुरुवारची दुपार दाखवा. दोनला पाच कमी."

अंगण दिसलं. गाडी दिसली. काका ताट घेऊन दाराकडे जाताना दिसले. आणि त्यांची पाठ वळल्याबरोबर साखळी जमिनीवरून उठून गाडीभोवती सावकाश गुंडाळली जाताना दिसली. धरणारं कोणी नव्हतं. दुवे एका मुठीतून आत जात, ताणले जात, पुढच्या मुठीकडे जात. घाई नव्हती. कुलूप लागलं.

"हे लावतंय कोण?" काकांचा आवाज खाली आला होता.

"कोण म्हणजे?" डॉक्टरांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "हे काय, तुम्हीच. किती व्यवस्थित लावताय बघा. मी मिसेसना दाखवलं, म्हटलं, याला म्हणतात काळजी."

घरी आल्यावर काका तडक झोपायच्या खोलीत गेले. त्यांच्या उशीला खळगा पडला होता. त्यांनी हात ठेवला. ऊब होती.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. काका घाबरले नाहीत, आणि इथेच त्यांचं चुकलं असं आपण आता म्हणू शकतो. त्यांना उलट संताप आला. माझी उशी! माझं ताट, माझा हात, माझी गाडी, आणि वर माझ्यापासूनच राखण? आता या गल्लीदेखत, उजेडी, ते कुलूप तोडीन. येऊ दे कोण येतोय तो.

शनिवारी ते बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडून ड्रिल मशीन आणि लोखंड कापायची करवत मागून घेऊन आले. घरी पोहोचले तेव्हा सव्वा वाजला होता. घरातून जेवणाचा वास येत होता, भांड्यांचा आवाज येत होता. ते आत गेले नाहीत. फाटकाशेजारच्या दिव्याच्या प्लगमध्ये ड्रिलची वायर खोचली आणि कुलपाशी बसले.

ड्रिलचं टोक घसरलं. दुसरं लावलं, ते तुटलं. करवतीने साखळीवर नुसता चकचकीत ओरखडा उठला. घाम डोळ्यांत जात होता. मावशींचं मशीन केव्हा थांबलं ते त्यांना कळलं नाही.

"चोर!" मावशी ओरडल्या. "धावा! कुलूपकाकांची गाडी!"

काकांनी मान वर केली. मावशी खिडकीतून त्यांच्याकडेच बोट दाखवत होत्या. दुसऱ्या हातात मापांची वही होती.

"मावशी, मी आहे!"

"सोळा मिनिटं झाली," मावशी कुणाला तरी म्हणाल्या.

माणसं आली. डॉक्टर हातमोज्यांसकट आले, त्यांचा पेशंट तोंडात कापूस धरून आला, पलीकडच्या घरांतले लोक आले. फाटकाच्या आत अर्धवर्तुळ करून उभे राहिले. सगळे चेहरे रोजचे.

"काय बघताय?" काका उठले. "माझी गाडी आहे ही! माझ्या अंगणात उभी आहे!"

"चिडलाय," कोणीतरी हळूच म्हणालं.

"चिडू नाही तर काय करू? डॉक्टर, तुम्ही सांगा यांना. काल मीच नाही का तुमच्या दवाखान्यात..."

डॉक्टरांनी नजर बाजूला वळवली. तोंडात कापूस असलेला माणूस बोबडं बोलला, "चोराच्या उलट्या बोंबा."

"माझे कागद आत आहेत! हे कुलूप उघडा, लगेच दाखवतो!"

यावर दोघे-तिघे हसले. काकांच्या हातात करवत होती. ती हातात आहे हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं, आणि टाकून दिली तेव्हा सगळे एक पाऊल मागे सरकले.

बायको दारात आली. पदराला हात पुशीत.

"अगं, सांग ना यांना."

ती मावशींकडे बघून म्हणाली, "हाच का तो?"

"हाच."

"यांना उठवू का? आत्ताच जेवून पडलेत."

काका एक पाऊल पुढे गेले. आवाज जितका खाली आणता आला तितका आणून म्हणाले, "ऐक. गाडी आणली त्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात रडलीस. माझ्याकडे पाठ करून. मी पाणी प्यायला आलो, तर कांदा चिरतेय म्हणालीस. विळी जागेवरून हललीही नव्हती. मी हे कुणाला बोललो नाही. तुलाही नाही."

बायकोचा चेहरा पांढरा पडला. ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. काकांना वाटलं, आता ओळखेल. तिचे ओठ हललेसुद्धा.

"हे म्हणालेच होते," ती शेवटी म्हणाली. "घरातल्या गोष्टी सांगेल म्हणून."

मग तिने आत तोंड करून हाक मारली. "अहो, या बरं जरा बाहेर."

आत चपला सरकल्या.

सगळ्यांचे डोळे दाराकडे गेले. दारात बायको होती. ती बाजूला झाली, जागा करून दिली. उंबऱ्यापाशी कोणी नव्हतं.

पण डोळे हलत होते. सगळ्यांचे, एकदम. उंबरा, पायरी, अंगण. अर्धवर्तुळ मधोमध उघडलं. डॉक्टरांनी नमस्कार केला.

त्या सगळ्या नजरा काकांच्या समोर, हाताच्या अंतरावर येऊन थांबल्या.

काकांना चेहऱ्यावर कुणाचा तरी श्वास जाणवला. जेवणाचा वास होता त्याला.

कोणी काही बोलत नव्हतं. सगळे ऐकत होते. मग सगळे हसले, मोकळेपणाने, एखाद्या नेमक्या बोलण्याला हसतात तसे. बायकोसुद्धा हसली.

"सुटलास," डॉक्टर काकांना म्हणाले. "काका म्हणतायत, पोटासाठी करत असेल, सोडा. पोलिसांना बोलवू नका म्हणतात. त्यांच्या जागी मी असतो तर सोडला नसता तुला."

"'तू' कोणाला म्हणताय?" काका ओरडले. "मी काका आहे! मी!"

"ए, हळू," मागून कोणीतरी म्हणालं. "उपकार मान आणि चालू लाग, किल्लीवाल्या."

साखळीचं कुलूप उघडलं. साखळी सुटून, गोळा होऊन, भिंतीपाशी नीट वेटोळं करून बसली. चाकाचा जबडा निघाला. ड्रायव्हरचं दार उघडलं, गाडी एका बाजूला किंचित दबली, दार लागलं. दोन वाजले होते.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आत कोऱ्या किल्ल्या किणकिणल्या.

लोक बाजूला झाले. काकांना कोणीतरी दंडाला धरून भिंतीकडे ओढलं, गाडीखाली येऊ नये म्हणून. बायकोने फाटक उघडून धरलं.

"लवकर या," ती म्हणाली.

गाडी सावकाश पुढे आली आणि काकांच्या अगदी समोर थांबली. सीट रिकामी होती. स्टिअरिंग किंचित वळलेलं, कोणीतरी धरल्यासारखं स्थिर.

काच दोन बोटं खाली सरकली. थोडा वेळ तशीच राहिली. मग घाईने वर गेली.

आणि आतून लॉक लागलं. आधी ड्रायव्हरचं दार, मग पलीकडचं, मग बाजूचं सरकतं, आणि सर्वांत शेवटी मागचं.